शंकेची भाषा

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर गांवोगांवीं जे समारंभ झाले त्यांपैकीं दोहोंस आम्ही हजर होतों. भाषणें झालीं, हारतुरे झाले, गाथासप्तशतीपासूनचे दाखले निघाले. त्यांत खोटें कांहींच नव्हतें. परंतु दुसऱ्या समारंभाहून परततांना, ज्या शाळेच्या पटांगणांत तो झाला तिच्याच फाटकावरचा एक फलक आमच्या दृष्टीस पडला. पुढील वर्षापासून पहिल्या इयत्तेपासून गणित, व पुढें विज्ञानहि, इंग्रजींतून शिकविलें जाईल, बाकीचे विषय मराठींतून चालतील, असें त्यावर ठळक अक्षरांनीं जाहीर केलें होतें. घरांतल्या वडील बाईच्या अंगावर शालजोडी घालावी आणि त्याच हातानें तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घ्याव्या, तसा हा प्रकार आम्हांस वाटला. तो एकट्या त्या शाळेचा नाहीं, म्हणूनच त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या व्यवस्थेस ‘सेमी-इंग्रजी’ म्हणतात. मूल मराठीहि शिकेल आणि इंग्रजीलाहि मुकणार नाहीं, असा तिचा दावा आहे, आणि वरवर पाहतां ही तोड मोठी शहाणपणाची दिसते. परंतु विषयांची वांटणी कशी झाली आहे तें पहावें. गोष्टी, कविता, शिवाजीमहाराजांचा इतिहास, नागरिकाचीं कर्तव्यें हीं मराठीकडे. मोजणें, तोलणें, ताडून पाहणें, कारण शोधणें हीं इंग्रजीकडे. सहा वर्षांच्या मुलाला हें कोणी शब्दांनीं सांगत नाहीं, तरी तें त्याला कळतें. आई ज्या भाषेंत बोलते ती हसण्यारडण्याची भाषा, आणि विचार करावयाची भाषा निराळी, असें तें समजून चालतें. सरसकट इंग्रजी शाळेंत शिकणारें मूल मराठीविषयीं अज्ञानी राहतें. ह्या अर्ध्या व्यवस्थेंत शिकणारें मूल मराठीविषयीं एक मत बनवून बाहेर पडतें. अज्ञान पुढें मागें घालवितां येतें, असलें मत घालविणें फार कठीण असतें.

ज्या पालकांनीं ही व्यवस्था पत्करली त्यांस आम्ही दोष देत नाहीं. बारावीच्या पुढचें शास्त्र, वैद्यक, स्थापत्य हें बहुतेक सारें इंग्रजींत आहे हें त्यांस दिसतें, आणि मुलाची वाट पुढें अडूं नये म्हणून ते आधींपासून तजवीज करतात. ती वाट अशी ठेवण्यांत आमच्यासारख्या महाविद्यालयीन अध्यापकांचाच वांटा मोठा आहे. आम्ही स्वतः पदार्थविज्ञान इंग्रजींतून शिकलों, पंचवीसांहून अधिक वर्षें तें इंग्रजींतूनच शिकवीत आलों, आणि ‘मुलांना इंग्रजी येत नाहीं’ ही तक्रार अध्यापकांच्या खोलींत चहाबरोबर रोज करीत आलों. म्हणून पुढें जें लिहिलें आहे तें दुसऱ्यावरील टीका समजण्याआधीं वाचकांनीं आमची कबुली समजावी.

कांहीं वर्षांपूर्वीं तोंडी परीक्षेंत एका विद्यार्थ्याला आम्हीं ‘लेटंट हीट’ म्हणजे काय तें विचारलें. त्यानें व्याख्या घडाघडा म्हटली. एकहि शब्द चुकला नाहीं. मग आम्हीं इंग्रजींतच विचारलें कीं, मातीच्या माठांतलें पाणी गार कां होतें? तो गप्प झाला. जरा वेळानें, माती मुळांत थंड असते, अशा अर्थाचें एक अडखळतें वाक्य त्यानें जुळविलें. रिवाजाप्रमाणें आम्हीं तेथेंच गुण लिहून पुढच्या मुलास बोलवावयाचें. पण त्या दिवशीं, कां कोण जाणे, आम्हीं तोच प्रश्न मराठींत विचारला. तो म्हणाला, ‘सर, माठ पाझरतो म्हणून.’ ‘पाझरला म्हणून काय झालें?’ ‘बाहेरचा ओलावा वाळतो.’ ‘मग?’ ‘पावसाळ्यांत तो लवकर वाळत नाहीं, तेव्हां पाणीहि तेवढें गार होत नाहीं. आणि आमच्या घरीं एकदां बाहेरून रंग दिलेला माठ आणला होता, त्यांत पाणी गार होईच ना.’ इतकें बोलून तो थबकला. मग हळूच म्हणाला, ‘सर, म्हणजे ओलावा उडतांना जी उष्णता लागते ती आंतल्या पाण्यांतून जाते? तीच का लेटंट हीट?’

तीच. उन्हाळ्याच्या साध्या हवेंत एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एवढासा ओलावा उडाला तरी अर्ध्या किलोहून अधिक पाणी एका अंशानें निवूं शकतें. हा हिशेब त्यानें मग आमच्यासमोर आपला आपण केला. ह्या मुलाजवळ निरीक्षण होतें, तुलना होती, उलट उदाहरण होतें. शास्त्रीय विचाराला जें लागतें तें सारें त्याच्याजवळ होतें, आणि तें सारें मराठींत होतें. व्याख्या तेवढी इंग्रजींत होती. दोघींचा एकाच डोक्यांत कित्येक वर्षें बिऱ्हाड करून मुक्काम होता, पण ओळख झाली नव्हती. आणि त्याच्या आधीं किती मुलें आम्हीं त्या पहिल्या उत्तरावरूनच परत पाठविलीं असतील, ह्याचा विचार मनांत आला म्हणजे आजहि आम्हांस खालीं पाहावें लागतें.

ह्यांतून निघणारा मुद्दा साधा आहे. उत्तर पाठ करतां येतें. शंका पाठ करतां येत नाहीं. ती ज्याची त्याच्या भाषेंत उठते, आणि उठते तेव्हां बहुधा अर्धवट, वेडीवांकडी असते. ‘पण मग असं कां?’ एवढेंच तिचें पहिलें रूप. तें रूप आधीं परभाषेच्या व्याकरणांत बसवावें आणि मगच तोंडाबाहेर काढावें, अशी अट घातली कीं बहुतेक शंका गळ्यांतच विरतात. आमच्या वर्गांत ‘समजलें का?’ म्हणून विचारलें असतां शंभर माना एकदम डोलतात, त्याचें रहस्य हेंच आहे. त्या होकाराला आम्ही शिस्त समजत आलों. वस्तुतः तो मुकेपणा होता. आणि ज्या वर्गांत शंका निघत नाहीं तेथें शास्त्राचें पुस्तक शिकविलें जात असेल, शास्त्र शिकविलें जात नाहीं.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मराठींत शब्द कोठें आहेत? तरफ, कप्पी, पाचर, ओळंबा, भिंग हे शब्द कोणीं कोठून आणले? गवंडी, सुतार आणि मोट हांकणारा शेतकरी ह्यांच्या तोंडचे ते आहेत, आणि यंत्रशास्त्राच्या पहिल्या धड्यास ते पुरून उरतात. जेथें शब्द नव्हते तेथें वस्तुमान, त्वरण, बाष्पीभवन असे घडविले गेले, आणि जीं मुलें मराठींतून शिकलीं त्यांना ते कधींच टोचले नाहींत. शब्द अगदीं काटेकोर पाहिजे, हाहि एक भ्रम आहे. ‘ऑक्सिजन’ ह्या नांवाचा अर्थ अम्ल निर्माण करणारा. प्रत्येक अम्लांत हा वायु असतोच, अशी लव्हाझिएची समजूत होती, म्हणून त्यानें तें नांव दिलें. १८१० च्या सुमारास डेव्हीनें ती समजूत चूक ठरविली, तरी नांव राहिलें आणि रसायनशास्त्राचें कांहीं अडलें नाहीं. जर्मनांनीं तर त्या चुकीचेंहि भाषांतर करून त्या वायूस आपल्या भाषेंत ‘आंबट द्रव्य’ म्हटलें, आणि त्याच भाषेंत लिहून ते पहिल्या महायुद्धापर्यंत रसायनशास्त्रांत जगाच्या पुढें राहिले. जपानांत सुगिता गेनपाकु, माएनो र्‍योताकु आणि त्यांचे सोबती ह्यांनीं एक डच शारीरग्रंथ हातीं धड कोश नसतां तीनचार वर्षें खपून जपानी विद्वानांच्या लेखनभाषेंत आणला आणि १७७४ मध्यें प्रसिद्ध केला. मज्जातंतूला त्यांच्याजवळ शब्द नव्हता, तो त्यांनीं घडविला. आजचे जपानी वैद्य तोच वापरतात. आधीं शब्द जमूं द्या, मग शास्त्र आणूं, असें ते म्हणत बसले नाहींत.

आणि येथें आमच्याच बाजूच्या कांहीं मंडळींस दोन कडू शब्द ऐकविणें प्राप्त आहे. प्रत्येक परकी संज्ञेला पंक्तिबाह्य करून तिच्या जागीं संस्कृत धातूंचा पांच पदरी समास बसविला म्हणजे मराठी शास्त्रभाषा झाली, असें त्यांस वाटतें. असल्या शब्दानें मुलाची एका परभाषेंतून सुटका होऊन तें दुसरींत अडकतें. ऑक्सिजन, प्रोटॉन, व्हायरस हे शब्द मराठी वाक्यांत खुशाल नांदावे. आमचा त्यांशीं तंटा नाहीं. विचार संज्ञेंत नसतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर असें असतें तर’, ‘तरीहि’ ह्या सांध्यांत तो असतो. हे सांधे ज्याला जन्मापासून अवगत आहेत त्याला संज्ञा कोठलीहि द्या, तो विचार करील. ज्याचे सांधेच परके केले, त्याच्या हातीं संज्ञांची यादी तेवढी उरते.

दुसरा आक्षेप असा कीं, हें सारें बोलावयास ठीक, मराठींत असें कोणीं केलें आहे? हा प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःच्या घरचा इतिहास ठाऊक नसतो. १८४७ साली मुंबईच्या शिक्षणमंडळांत हाच वाद कडाक्यानें झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या पक्षाचे होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या पक्षाचे. ह्याच जर्व्हिसनें त्याच्या कितीतरी आधीं येथल्या शास्त्र्यांच्या साहाय्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत उतरविलीं होतीं. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ १८६० मध्यें मराठींत निघालीं. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचें उदाहरण तर आमच्या प्रत्येक पदवीधराच्या टेबलावर कोरून ठेवावें असें आहे. महाविद्यालयाची पदवी नसलेल्या ह्या शिक्षकानें १८९६ मध्यें ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ मराठींत लिहिला. तो कोणा इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद नव्हता. मूळ संशोधन होतें. तें जगास इतकें आवश्यक ठरलें कीं भारत सरकारला त्याचें इंग्रजी भाषांतर करवून १९६९ आणि १९८१ मध्यें दोन भागांत छापावें लागलें. पुढें केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२७ ह्या सात वर्षांत निघाले, त्यांतला एक संबंध खंड विज्ञानाच्या इतिहासाला दिलेला आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ मध्यें सुरू झालें, मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्यें स्थापन झाली, विश्वकोशाचा विसावा खंड २०१५ मध्यें बाहेर पडला. इमारत बांधलेली आहे. आम्ही तींत राहावयास जात नाहीं, आणि उलट विचारतों कीं घर कोठें आहे!

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला टाळून जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. आजचें संशोधन इंग्रजी नियतकालिकांतून प्रसिद्ध होतें. तें न वाचणारा शास्त्रज्ञ विहिरींतला बेडूक राहील. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. विज्ञानाच्या पदवीधराला इंग्रजी उत्तम वाचतां आणि नीट लिहितां आलें पाहिजे, आणि त्यासाठीं इंग्रजी ही भाषा म्हणून आजच्यापेक्षां पुष्कळ चांगली शिकविली पाहिजे. परंतु भाषा शिकणें वेगळें आणि तिच्या आड विषय लपविणें वेगळें. आज आमच्या मुलास गणित इंग्रजींतून शिकवून इंग्रजी येत नाहीं आणि गणितहि येत नाहीं, असा दुहेरी तोटा आम्ही वर्षानुवर्षें पाहत आहों. २००८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक ज्यांस मिळालें त्यांपैकीं तोशिहिदे मासुकावा ह्यांनीं आपलें व्याख्यान स्टॉकहोमांत जपानी भाषेंत दिलें. त्यांचा गाजलेला निबंध १९७३ मध्येंच इंग्रजींत प्रसिद्ध झाला होता. विचार मात्र क्योतोंत जपानींतच चालला होता. दीक्षितांनींहि मराठी इतिहास लिहिला त्याच १८९६ सालीं रॉबर्ट स्यूएलबरोबर हिंदी पंचांगावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विचार घरच्या भाषेंत पक्का व्हावा, निष्पत्ति जगाच्या भाषेंत जावी, हा क्रम त्या दोघांचा. आम्हीं तो उलटा केला आहे.

तथापि माध्यम देशी झालें म्हणजे सगळें साधलें, असेंहि कोणीं समजूं नये. हैद्राबाद संस्थानांत १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि तेथें वैद्यक व स्थापत्यहि उर्दूंतून शिकविलें गेलें. त्यासाठीं भाषांतराचें एक स्वतंत्र खातें राबत होतें. भारतीय भाषेंत उच्च शास्त्र शिकवितां येतें, हें त्या विद्यापीठानें सिद्ध केलें, आणि तो मान त्याचा त्यास दिलाच पाहिजे. परंतु आमच्या मराठवाड्यांतल्या मुलाची घरची भाषा उर्दू नव्हती. त्याच्या दृष्टीनें एक परकी भिंत जाऊन दुसरी आली इतकेंच. १९४८ नंतर तो प्रयोग मोडला आणि इंग्रजी आली. ह्यावरून आम्हीं घ्यावयाचा धडा असा कीं, प्रश्न राज्याच्या भाषेचा नाहीं, मुलाच्या भाषेचा आहे. मेळघाटांतलें कोरकू मूल, गडचिरोलींतलें गोंड मूल, सातपुड्यांतलें भिल्ल मूल ह्यांना मराठी पाठ्यपुस्तक तसेंच परकें आहे जसें आमच्या विद्यार्थ्याला इंग्रजी. जो मराठीसाठीं भांडतो आणि त्या मुलाविषयीं गप्प बसतो, त्याचें भांडण भाषेसाठीं आहे, शिक्षणासाठीं नाहीं.

येथवर शाळेपुरतें झालें. शाळेबाहेर ह्या मुकेपणाची किंमत कोण देतो तेंहि पाहूं. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणें अनेक होतीं: उंच वाढलेलें पीक, तोंडावर ना मुखवटा ना हातांत मोजे, एकांत दुसरें मिसळलेलीं औषधें. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. पण दोन औषधें एकत्र केलीं असतां काय होतें, तें अंगांत कातडीवाटे कसें शिरतें, हें त्या मजुराशीं त्याच्या बोलींत बोलणारा मनुष्य त्याला कोठें भेटावा? रसायनशास्त्राचे पदवीधर त्याच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून दरवर्षीं बाहेर पडतात. त्यांना सूत्रें येतात. तीं बांधावर उभें राहून सांगावयाचीं कशीं, हें त्यांना कोणीं शिकविलेलेंच नसतें, कारण तीं त्यांनीं स्वतःलाहि कधीं मराठींत सांगितलेलीं नसतात.

२०२० च्या साथींत तर एका शब्दानेंच आमची परीक्षा घेतली. ‘सोशल डिस्टन्सिंग’ ह्याचें शब्दशः भाषांतर ‘सामाजिक अंतर’ असें झालें. दोन माणसांमध्यें सहा फूट जागा ठेवा, इतकेंच सांगावयाचें होतें. ज्या समाजांत सामाजिक अंतरानें शतकानुशतकें माणसांस पाणवठ्यापासून दूर ठेविलें, त्या समाजाला तें पुन्हां पाळावयास सांगितलें गेलें! लोकांनीं आक्षेप घेतल्यावर ‘शारीरिक अंतर’, ‘सुरक्षित अंतर’ हे शब्द पुढें आले. भाषांतर करणाऱ्यानें इंग्रजी शब्द पाहिला, त्यामागची क्रिया पाहिली नाहीं. आपल्या भाषेंत विचार करण्याची संवय असती तर ही चूक पहिल्या दिवशींच लक्षांत आली असती.

मग करावयाचें काय? सरकारनें हें करावें आणि तें करावें अशी यादी आम्ही देणार नाहीं. त्या याद्या कपाटांत पुष्कळ आहेत. अभियांत्रिकीचें शिक्षण देशी भाषांतून देण्यास २०२१ मध्यें मुभा मिळाली, वैद्यकाची प्रवेशपरीक्षा मराठींतहि देतां येते; दारें अगदींच बंद आहेत असें नाहीं. आमची मागणी आमच्याच धंद्याकडे आहे. वर्गांत पुस्तक इंग्रजी असो, पण शंका मराठींत विचारण्यास आणि मराठींत उत्तर मिळण्यास प्रत्येक विद्यार्थ्याला उघड परवानगी असावी. तोंडी परीक्षा विद्यार्थी सांगेल त्या भाषेंत व्हावी. प्रत्येक अध्यापकानें आपल्या विषयांतील एक प्रकरण तरी, शेजारच्या वाण्याला किंवा घरच्या आईला कळेल अशा मराठींत, स्वतः लिहून पाहावें. आम्हीं हा प्रयत्न केला तेव्हां जो अनुभव आला तो सांगतों: ज्या गोष्टी आम्हांस वीस वर्षें समजल्या आहेत असें वाटत होतें, त्यांतल्या निम्म्या आम्हांस समजल्या नव्हत्या. इंग्रजी वाक्यानें ती उणीव आमच्यापासूनच झांकून ठेविली होती.

आणि भाषाभिमान्यांकडेहि एक मागणें आहे. २०१९ मध्यें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असें वाचन सुचविलें गेलें, तेव्हां केवढा गदारोळ झाला, किती थट्टा झाली! सत्तावीसमध्यें आधीं सात आणि मग वीस ऐकूं येतात, लिहितांना मात्र आधीं दोन आणि मग सात, ह्या उलटापालटीनें लहान मूल गोंधळतें, ही अडचण खरी होती. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्यांनीं ती शांतपणें समजावून सांगितली. सुचविलेला उपाय बरोबर कीं चूक, ह्यावर मतभेद खुशाल असावा. पण आपल्या भाषेच्या अंगांत शिरून, मुलाच्या कानांनीं ती ऐकून, कोठें अडतें तें शोधणें, ह्यालाच भाषेंतला शास्त्रीय विचार म्हणतात. आणि तो कोणीं करूं लागतांच आम्हीं त्याची टर उडविली. भाषा देव्हाऱ्यांत ठेवावयाची असेल तर तिला हात लावूं नये हें ठीक. तिच्यांत गणित करावयाचें असेल तर तिला हात लावावाच लागेल.

त्या फाटकावरच्या फलकाला आमचा विरोध आहे तो एवढ्यासाठीं. मुलाला इंग्रजी अवश्य शिकवा. सकाळीं शिकवा, संध्याकाळीं शिकवा, चांगला शिक्षक ठेवून शिकवा. पण ‘कां?’ विचारण्याचा हक्क त्याच्या भाषेपासून काढून घेऊं नका. माठाचा तो विद्यार्थी पुढें एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत शिक्षक झाला. मध्यंतरीं भेटला तेव्हां सांगत होता कीं, उन्हाळ्याच्या सुरुवातीस तो वर्गांत दोन माठ ठेवतो, एक कोरा आणि एक बाहेरून रंग दिलेला, आणि मुलांना दोन दिवस कांहीं सांगत नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुलेंच त्याला विचारूं लागतात. शाळा सेमी-इंग्रजी आहे. पुस्तक इंग्रजी आहे. प्रश्न मात्र, तो म्हणाला, अजून सगळे मराठींतच येतात.